कैनाड ते तिलारी : धेनुकेच्या वाटेवर

डहाणूचा किनारा पाठीशी टाकून आत वळलं की चिकूच्या वाड्यांची गर्द सावली विरळ होत जाते आणि उघडं रान सुरू होतं. भाताची खाचरं, बांधावरचे ताड, गवताचे माळ, टेकड्यांच्या पायथ्याशी विखुरलेले पाडे, कुडाच्या भिंतींवर शेणाचा हात. कैनाड हे याच पट्ट्यातलं गाव. इथे बिबट्याच्या गोष्टी निघतात, वाघोबा तर वारल्यांचा देवच आहे; हत्तीचा विचार मात्र आज कुणाच्या मनात येण्याचं कारण नाही. आणि तरीही कौटिल्याच्या नावावर असलेल्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या देशांच्या हत्तींची जी प्रतवारी दिली आहे, तिच्यात कलिंग आणि अंग देशांचे हत्ती उत्तम, सौराष्ट्राचे कनिष्ठ आणि मधल्या प्रतीत दशार्णाच्या जोडीला अपरान्ताचे हत्ती आहेत. अपरान्त म्हणजे कोकण, त्यातही मुख्यतः शूर्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या आसपासचं उत्तर कोकण. डहाणूचा मुलूख त्यातच मोडतो. हा मुलूख जुन्या लोकांना अनोळखी नव्हता. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ज्या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली, त्यांच्या यादीत ‘दाहनुका’ हे नाव येतं. कुणी म्हणेल, प्रतवारीचा श्लोक ऐकीव माहितीवर रचलेला असेल. पण ‘मध्यम’ हा शेरा सैन्यासाठी हत्ती गोळा करणारा माणूस देतो. नुसतं कौतुक करायचं असतं, तर सगळेच हत्ती उत्तम ठरले असते. तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की कैनाडच्या बाजूच्या रानातून हत्ती गेला, बिबट्या राहिला, हे कसं? आणि याच कोकणाच्या अगदी खालच्या टोकाला, तिलारीच्या खोऱ्यात, तो २००२ पासून पुन्हा कसा दिसू लागला?

पहिल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर म्हणजे जंगलतोड. ते खोटं नाही. इथलं सागवान जहाजांसाठी गेलं, मग १८६०च्या दशकात मुंबईहून गुजरातकडे रेल्वे निघाली तेव्हा इमारती लाकूड आणि कोळसा मुंबईला नेण्याची वाट आणखी सोपी झाली. पुढे सावकारी आणि वेठबिगारीने रानातल्या माणसांचीच अशी दशा केली, की १९४५ साली वारल्यांना उठाव करावा लागला. पण तोड सगळ्यांच्याच वाट्याला आली होती. तिच्यातून बिबट्या तगला, रानडुक्कर तगलं. हत्ती तगला नाही, आणि याचं कारण मला हत्तिणीच्या शरीरात दिसतं. तिचं ऋतुचक्र १३ ते १७ आठवड्यांचं असतं. वर्षाकाठी गर्भ राहण्याच्या संधी तीन, फार तर चार, आणि त्याही काही दिवसांच्याच. बहुतेक सस्तन माद्यांत ल्युटिनायझिंग हार्मोनची एक लाट येते आणि अंडं सुटतं. हत्तिणीत अशा दोन लाटा येतात, सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने, आणि अंडं सुटतं ते दुसरीनंतर. मग पहिली लाट कशासाठी? तिने अंडाशयावर जादा पीतपिंड तयार होतात. २०१२ साली इम्के ल्यूडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने दाखवून दिलं, की गर्भ राहिला तर हे जादा पिंड कामाला लागतात आणि पुढचे जवळजवळ २२ महिने गर्भ राखणारी संप्रेरकं पुरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. एका पिंडाच्या जिवावर इतका लांब पल्ला निभावत नाही, म्हणून आधीपासूनच जादा तजवीज. शंभर किलोच्या आसपास वजनाचं पिल्लू जन्मतं, दोन वर्षं आणि बऱ्याचदा त्याहून जास्त काळ अंगावर पितं, आणि दोन बाळंतपणांत चार-पाच वर्षांचं अंतर पडतं. पहिलं पिल्लू होईपर्यंत हत्तीण बहुधा पंधराच्या आसपास पोचलेली असते. आयुष्यभरात सगळं नीट पार पडलं, तर तिला सात-आठ पिल्लं होणार.

हा हिशेब मांडला की जुन्या गजवनांचा नाश कसा झाला असेल ते उलगडतं. हत्ती संपवायला कत्तल करावी लागत नाही. दरवर्षी थोड्या माद्या पकडून नेल्या, दोन रानांमधली वाट शेतीने अडवली, की पुढच्या शंभर वर्षांत कळप आपोआप विझतो. बिबट्याची मादी दोन-तीन वर्षांत पुन्हा विते आणि तूट भरून काढते. हत्तिणीला तशी सवड मिळत नाही. अर्थशास्त्राचा कर्ता हे जाणून होता, असं मानायला जागा आहे. कोणते हत्ती धरू नयेत याची त्याने यादी दिली आहे. तिच्यात दूध पिणारं पिल्लू आहे, आजारी हत्ती आहे, गाभण हत्तीण आहे आणि ‘धेनुका’ आहे, म्हणजे जिच्या अंगावर पिल्लू आहे ती. आपण गाईला धेनू म्हणतो, त्याच घरातला हा शब्द. रानातला हत्ती मारणाऱ्याला त्याने देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. यात भूतदया किती आणि राजाच्या सैन्याची काळजी किती, हा वाद घालता येईल. मला तो दुय्यम वाटतो. गाभण आणि धेनुका या दोन अवस्था निराळ्या ओळखून दोघींनाही हात लावू नका असं ज्याने लिहिलं, त्याच्यामागे हत्तींच्या संगतीत हयात घालवलेल्या माणसांचं ज्ञान उभं होतं.

कैनाडच्याच तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे, आणि हत्तिणीच्या आईपणाचा विचार करताना ती टाळून पुढे जाता येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडला नेलं. तिथे त्यांच्या लक्षात आलेली एक अडचण साधी होती. आई रानात किंवा मजुरीवर गेली की तान्हं मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि मूल कडेवर असलेली बहीण शाळेत येणार कशी? त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी उभी राहिली. ही गोष्ट कुठल्या एका समाजाची नाही. गिरणगावच्या चाळीत हेच होतं आणि परदेशातल्या मराठी घरात बाळंतपणाला आजी विमानाने जाते तेव्हाही हेच असतं. माणसाचं मूल एकट्या आईच्या बळावर वाढत नाही, हे कोसबाडने शिक्षणाच्या भाषेत सांगितलं. हत्तीच्या बाबतीत तेच शरीरशास्त्राच्या भाषेत सांगता येतं, आणि माझा मुद्दा तोच आहे: संप्रेरकं हत्तिणीला आई करतात, पण तिचं आईपण कळप निभावून नेतो. म्हणून कळप मोडला तर जिवंत, धडधाकट हत्तीण हाती उरते, पण पिल्लं उरत नाहीत.

मराठीत या विषयातला सगळ्यात नेमका शब्द शास्त्रज्ञांच्या आधी गोठ्यात तयार झाला आहे: पान्हा. वासराने कासेला ढुसणी दिली की गाईला पान्हा फुटतो, अनोळखी हात लागला की ती पान्हा चोरते, आणि वासरू मेलं तर पेंढा भरलेलं त्याचं कातडं समोर ठेवून तिला फसवावं लागतं. यातली प्रत्येक पायरी आज ऑक्सिटोसिन आणि त्याला अडवणाऱ्या ताणाच्या संप्रेरकांच्या नावाने समजावता येते. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन वेगळं, ते उतरवणारं ऑक्सिटोसिन वेगळं. हे दुसरं संप्रेरक केवळ दुधापुरतं नाही. १९८३ साली मेंढ्यांवरचा एक प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. संप्रेरकं देऊन तयार केलेल्या, पण न व्यालेल्या मेंढ्यांना प्रसूतीत होतो तसा जननमार्गाचा ताण दिला, तर त्या परक्या कोकराला चाटू लागल्या, जवळ करू लागल्या. बाळंतपणाच्या वेळी मेंदूत सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनने आईपणाचं दार थोडा वेळ उघडतं, हे त्यानंतरच्या संशोधनातून पक्कं होत गेलं. हत्तिणीतही प्रसूतीच्या दोन ते पाच दिवस आधी गर्भ राखणाऱ्या संप्रेरकांची पातळी तळाला जाते. ही घसरण इतकी भरवशाची, की प्राणिसंग्रहालयात रोज रक्त तपासून बाळंतपणाचा दिवस गाठतात. म्हणजे शरीराची तयारी कैदेतही चोख होते. आणि तरीही कैदेतल्या पहिलटकरीण हत्तिणींनी नुकतं जन्मलेलं पिल्लू लाथाडल्याची, काही वेळा मारल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. संप्रेरकं पुरेशी असती, तर हे झालं नसतं. रानातल्या कळपात वाढलेली हत्तीण वयात येण्याआधीच दुसऱ्यांची बाळंतपणं पाहते, लहान भावंडांना चिखलातून वर ढकलते, पडलेल्याला सोंडेने उठवते. केनियातल्या अंबोसेलीच्या कळपांवर काम करणाऱ्या फिलिस ली यांनी १९८७ साली दाखवलं, की कुटुंबात अशा सांभाळणाऱ्या तरुण माद्या जितक्या जास्त, तितकी पिल्लं जगण्याची शक्यता जास्त.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की हत्तीत आपण माणसाचं कुटुंब पाहतो आहोत. आजी, मावशी हे शब्द आपले. प्राण्यांच्या वागण्यावर ते चिकटवणं भाबडेपणाचं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, म्हणून भावनेचा पुरावा बाजूला ठेवतो आणि फक्त मृत्यूचा हिशेब पाहतो. म्यानमारमध्ये लाकूड ओढणाऱ्या हत्तींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी कित्येक पिढ्यांपासून ठेवल्या आहेत. तिथे काही हत्तिणी आपल्या आईबरोबर एकाच ठिकाणी असतात, काहींच्या आया दुसरीकडे असतात. तुलना करायला आणखी काय हवं? मिर्का लाहदेनपेरा, विर्पी लुम्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या नोंदींवरून जे काढलं ते असं: वीस वर्षांखालच्या हत्तिणीची आई तिच्याबरोबर असेल, तर पिल्लू दगावण्याचा धोका आठपटीने कमी. इथे कुणी कुणाच्या मनात डोकावलेलं नाही, मेलेली आणि जगलेली पिल्लं मोजली आहेत. ‘आजी’ हा शब्द आवडत नसेल तर सोडून द्यावा, तो आकडा सोडता येत नाही.

डहाणूहून दक्षिणेला येताना महामार्गाच्या कडेला विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ लागतं. देवीचं मूळ ठाणं वर गडावर. दर्शनाला गड चढणारी एक गर्भार बाई वाटेत घेरी येऊन पडली आणि तिचे कष्ट पाहून देवी पायथ्याशी उतरली, अशी इथली कथा सांगतात. चैत्री पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. आणखी खाली सोपारा. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी सहलीला जात, आता धर्मासाठी यात्रा होतात, असा त्या लेखाचा आशय. त्याच अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या मारण्याला मनाई केली आहे. अर्थशास्त्रातली धेनुका आणि स्तंभलेखातली मेंढी एकाच विचाराच्या छायेत उभ्या आहेत. मध्यंतरी हा विचार सुटला. सोपाऱ्याच्या आजच्या गर्दीत गजवनाची कल्पना करायला फार ताण द्यावा लागतो. पुढचं कोकण इथे भराभर ओलांडायला हवं. हत्ती भेटायचे तर थेट सावंतवाडी, बांदा करत दोडामार्ग गाठावं लागतं.

तिलारीचं खोरं म्हणजे माड, पोफळी, केळी आणि काजूच्या बागायती, आणि त्यांच्या डोक्यावर सह्याद्रीची हिरवी भिंत. भिंतीपलीकडे कर्नाटक. दांडेलीच्या बाजूच्या जंगलांतून हत्ती २००२ साली मांगेलीच्या वाटेने इकडे उतरले, पुढे कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड, आजऱ्याकडेही पसरले. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त धरणामुळे खोऱ्यात बारमाही पाणी आहे, रानात बांबू आहे, बागेत केळी आहे. या टापूत सगळ्यात आश्चर्याची गोष्ट हीच, की हत्ती इथे चुकून येऊन परत गेले असं झालं नाही. मोजकेच, पण माद्या आणि पिल्लांसह राहिले. चुकार नर कुठेही भटकतो. मादी पिल्लू घेऊन राहते, तेव्हा त्या जागेला तिने पसंती दिलेली असते. गडचिरोलीतही ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडाकडून आला तो पिल्लांसह कळपच होता. २०२० साली सरकारने तिलारीचं सुमारे २९ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. हत्तींच्या मानाने ते तळहाताएवढं आहे, पण नोंद झाली.

इथला शेतकरी काय म्हणतो, हे बाजूला ठेवून हत्तीची बाजू मांडणं अप्रामाणिक होईल. माड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात आणि हत्ती तो एका रात्रीत आडवा करतो. केळीचा तर मागमूस राहत नाही. पंचनामा, भरपाईची फाईल आणि तिच्यामागचे हेलपाटे ही वेगळीच वणवण. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात हत्तीने एका शेतकऱ्याचा जीव घेतला. हे हत्ती आमचे नाहीत, जिथून आले तिथे पाठवा, ही मागणी या दुःखातून येते आणि तिला हसण्यावारी नेण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण ‘आमचे नाहीत’ हे इतिहासाला धरून नाही. अपरान्ताची गजवनं ग्रंथात नोंदलेली आहेत आणि सह्याद्रीच्या रानाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. ‘पाठवा’ यालाही आजवर फारसं यश आलेलं नाही. हाकारे झाले, फटाके झाले, २०१५ साली माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले, आणि प्रश्न जिथल्या तिथे राहिला. का, याचं एक उत्तर लिदीत सापडतं. हत्तीच्या लिदीतून ताणाच्या संप्रेरकांचे अंश मोजता येतात, त्यासाठी प्राण्याला हातही लावावा लागत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संजिता शर्मा पोखरेल, रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकात हेच केलं. माणसांनी गजबजलेल्या हासनच्या शेतांत वावरणाऱ्या हत्तींत ताण जास्त निघेल अशी कुणाचीही अटकळ असेल. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष उलटा आहे. पीक खाणाऱ्या हत्तींत ही संप्रेरकं रानातल्या हत्तींपेक्षा कमी निघाली, आणि कारण बहुधा कसदार खाणं. अंगावर पिणारं पिल्लू असलेल्या मादीला रोजच्या दीडशे किलोच्या चाऱ्यातून दूधही काढायचं असतं. तिच्यासाठी केळीची बाग म्हणजे चोरीची चटक नव्हे, पिल्लाच्या दुधाची सोय आहे. फटाक्याची भीती तासाभरात ओसरते, दुधाची गरज ओसरत नाही. उपाय करायचा तर रानातला चारा आणि बांबू वाढवण्यापासून, रात्रीच्या इशाऱ्यापासून आणि नुकसान झाल्यावर आठवड्याभरात हाती पडणाऱ्या भरपाईपासून करावा लागेल.

याच संप्रेरकांचा एक दाखला माझ्या मुद्द्याविरुद्ध जातो असं वाटू शकतं. केनियाच्या सांबुरूत जेना पार्कर आणि सहकाऱ्यांनी आई गमावलेल्या तरुण हत्तींच्या लिदीचे नमुने तपासले. २०२२ साली त्यांनी मांडलं, की अनाथ आणि आई असलेल्या हत्तींत ताणाच्या संप्रेरकांत दीर्घकाळाचा फरक दिसत नाही. मग आईवाचून काय अडलं? पण त्याच अभ्यासात पुढे आहे, की कळपात जवळच्या वयाचे सोबती जास्त असतील, तर ही पातळी आणखी खाली असते. आई गेल्यावर जे सावरतं ते कळपाच्या सोबतीने सावरतं. म्हणजे दाखला उलट बाजूने का होईना, त्याच ठिकाणी येतो.

नराची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच ठेवायला हवी. वयात येणारा नर कळपापासून सुटतोच. ओंकार नावाने ओळखला जाणारा तरुण नर सप्टेंबर २०२५ मध्ये सिंधुदुर्गातून गोव्याच्या पेडणे तालुक्यात उतरला तेव्हा दोन्ही राज्यांचं वनखातं त्याच्या मागे धावलं, आणि त्याला पकडून कुठे ठेवायचं यावर कोर्टापर्यंत चर्चा गेली. अशा नराला काय हवं असतं, याचा एक धडा दक्षिण आफ्रिकेत मिळाला. इतरत्र कळपांची कत्तल होताना वाचवलेली पिल्लं तिथल्या पिलानेसबर्गच्या रानात सोडली होती. मोठ्यांच्या गैरहजेरीत वाढलेल्या नरांना अवेळी माज येऊ लागला आणि त्यांनी गेंडे मारले. सहा थोराड नर तिथे आणून सोडल्यावर पोरांचा माज ओसरला, गेंड्यांचे मृत्यू थांबले. ‘नेचर’मध्ये २००० साली याची नोंद झाली. वडीलधाऱ्या नराच्या नुसत्या वावराने तरुणाच्या टेस्टोस्टेरॉनला आवर बसतो. तेव्हा तिलारीत एखादा हत्ती हलवण्याची वेळ आलीच, तर पहिला प्रश्न ‘किती त्रास देतो’ एवढाच नसावा; तो कळपात कोण आहे, तो गेला तर मागे कोण उरतं, हेही विचारायला हवं. मादी आणि तिच्या अंगावरचं पिल्लू यांच्याबाबत तर हा प्रश्नच येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी मागे हटतं तेव्हा काठच्या चिखलात हत्तींच्या खुणा नीट वाचता येतात. मोठा पाय परातीएवढा, शेजारी ताटलीएवढा. मोठ्या पायाचा एक ठसा बाकीच्यांच्या रांगेतून थोडा पुढे आलेला दिसला तर थांबून पाहावं. हत्तिणीची कास मागे नसते. तिचे दोन स्तन पुढच्या पायांच्या मधे, माणसासारखे छातीशी असतात, आणि पाजताना ती एक पुढचा पाय पाऊलभर पुढे टाकते म्हणजे पिल्लाला तोंड लावता येतं. सोंडेचं काय करायचं हे त्याला पहिले काही महिने उमगलेलं नसतं, म्हणून ती कपाळावर वळवून ते तोंडानेच पितं. जवळच केळीच्या सोपाचे धागे दिसणारी लीद पडलेली असते. थोडं मोठं झालं की पिल्लू तीही खातं, कारण चारा पचवणारे जिवाणू आईच्या पोटातून त्याच्या पोटात जायचे ते याच वाटेने.